शाळेजवळची वेगमर्यादेची पाटी: खांब मागे जाण्याआधी काटा खाली हवा

प्रश्न थोडक्यात असा: लायसन्स मिळून जेमतेम महिना झालाय, कामावर जाण्याच्या रस्त्यात शाळा लागते. आधी मुलांचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी येते, मग लाल कड्यातला ३० चा आकडा, त्याखाली वेळा लिहिलेली छोटी पट्टी. वेग नेमका कुठून कमी करायचा, कुठे वाढवायचा, सुट्टीच्या दिवशी काय करायचं, आणि ३० वर आलं की मागचे हॉर्न वाजवतात त्यांचं काय?

गेली एकवीस वर्षं मी शिकाऊ चालकांच्या शेजारच्या सीटवर बसतोय. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तो मी सर्वांत जास्त वेळा कुठे दाबला असेल, तर शाळेची पाटी ओलांडल्यानंतरच्या पहिल्या पन्नास मीटरमध्ये. कारण जवळजवळ प्रत्येक नवा चालक पाटीपाशी पोचल्यावर वेग कमी करायला लागतो. ‘इथून हळू व्हायला सुरुवात करा’ असं ती पाटी सांगत नसते. ती जिथे रोवली आहे तिथून मर्यादा लागू झालेलीच असते. खांब तुमच्या खिडकीजवळून मागे जाईल त्या क्षणी काटा ३० वर किंवा त्याखाली असायला हवा. बाकी सगळं उत्तर विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

हे जमवायला अंतर लागतं. गाडी ६० वर असेल आणि आतल्यांना धक्का न बसता, हलक्या ब्रेकने ३० वर यायचं असेल, तर साधारण सत्तर मीटर जातात. ५० वरून यायचं असेल तर चाळीसच्या आसपास. म्हणजे त्रिकोणी पाटी दिसली की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. एक नजर आरशात, मग ब्रेकवर हलका पाय. हाताच्या गिअरची गाडी असेल तर पाटीच्या आधीच दुसऱ्या गिअरवर या. शिकणाऱ्यांपैकी बरेच जण तिसऱ्यातच राहतात आणि दर दहा सेकंदांनी ब्रेक दाबतात. तरी काटा ३५, ३८ कडे सरकत राहतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, पाय मोकळा राहतो आणि डोळे रस्त्यावर राहतात. उतार असेल तर ही सवय दुप्पट कामाला येते.

आता पाट्या वाचण्याकडे येऊ. त्रिकोण आणि गोल यांची कामं वेगळी आहेत आणि लेखी परीक्षा पास झालेल्यांचाही इथे गोंधळ होतो. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो: पुढे मुलं असू शकतात. त्याने वेगमर्यादा बदलत नाही. लाल कड्याचा गोल हा आदेश असतो. तो मोडला तर गुन्हा होतो. ही विभागणी रस्त्यावरच्या चिन्हांबद्दलच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातली आहे. भारतातही हीच पद्धत वापरात आहे आणि सक्तीची चिन्हं पाळण्याचं बंधन मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११९ मध्ये घातलेलं आहे.

अमेरिकेत मात्र चित्र वेगळं दिसतं. तिथे शाळेची पाटी पंचकोनी असते, जुन्या शाळेच्या उतरत्या छपराच्या घरासारखी, आणि तिचा रंग झगझगीत पिवळसर हिरवा. वेगाचा आकडा पांढऱ्या चौकटीत असतो आणि तो मैलांमध्ये. तिथे जाऊन भाड्याची गाडी घेणार असाल तर हिशोब आधीच करून ठेवा: २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर, २५ मैल म्हणजे ४०. पाटीवर २० दिसलं म्हणून कोणी ताशी २० किलोमीटरने चाललं तर फार बिघडत नाही. उलटं झालं, म्हणजे मैलांच्या सवयीचा माणूस किलोमीटरच्या देशात आला आणि ३० चा अर्थ ३० मैल घेऊन बसला, तर तो शाळेसमोरून ४८ किलोमीटर वेगाने जाईल.

खरी मेख आहे ती आकड्याखालच्या छोट्या पट्टीत. आकडा लांबून दिसतो. पट्टीवरची अक्षरं बारीक असतात आणि ती वाचता येतात तोवर गाडी जवळ पोचलेली असते. म्हणून रोजच्या रस्त्यावरची पट्टी एकदा थांबून, पायी जाऊन वाचा. नव्या रस्त्यावर पट्टी वाचता आली नाही तर ‘मर्यादा आत्ता लागू आहे’ असंच धरून चालायचं.

पट्टीवर साधारणपणे तीन प्रकारच्या अटी असतात. पहिला प्रकार घड्याळाचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात शाळेच्या भागात सर्वसाधारणपणे सकाळी ८ ते ९.३० आणि दुपारी २.३० ते ४ या वेळात ४० ची मर्यादा असते, शाळेच्या दिवशी. इथे ‘शाळेचे दिवस’ हे शब्द नीट वाचा. सोमवार ते शुक्रवार आणि शाळेचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या राज्यात तर विद्यार्थ्यांना सुट्टी असून फक्त शिक्षक शाळेत येतात अशा दिवशीही मर्यादा लागू राहते. म्हणजे रस्त्यावर एकही मूल दिसत नाही, फाटक अर्धं बंद आहे, आणि तरी ४० च पाळायचे. ‘आज मुलं नाहीत’ हा निर्णय गाडीत बसून आपण घ्यायचा नसतो, याचं हे चांगलं उदाहरण.

दुसरा प्रकार याच्या नेमका उलट: घड्याळ नाही, मूल बघायचं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘मुलं असताना’ अशी अट असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात शाळेच्या भागात मूल असेल तेव्हा २५ किलोमीटरची मर्यादा असते, मग वेळ कोणतीही असो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शाळेच्या वेळेत मुलं येत-जात असताना, मधल्या सुट्टीत, आणि शाळेच्या मैदानाला कुंपण नसेल व मुलं तिथे असतील तेव्हाही २५ मैलांची मर्यादा लागते. अशी अट वाचली की नवा चालक मुलं शोधायला लागतो आणि दिसली नाहीत तर वेग ठेवतो. हे धोक्याचं आहे, कारण दोन उभ्या गाड्यांच्या मधलं मूल दिसत नाही. मूल नाही याची खात्री होईपर्यंत ते आहे असं समजा. आणि खरं सांगायचं तर चालत्या गाडीतून ती खात्री होतच नाही.

तिसरा प्रकार दिव्यांचा, आणि इथे एकाच दिव्याचे देशागणिक तीन अर्थ निघतात. अमेरिकेत ‘दिवा लुकलुकत असताना’ असं लिहिलं असेल तर मर्यादा दिव्याला बांधलेली असते: दिवा चालू तर मर्यादा चालू. न्यू साउथ वेल्समध्ये पाटीवरचे दिवे केवळ आठवण करून देतात. दिवा बिघडला असला तरी छापलेल्या वेळेत मर्यादा लागूच असते. ब्रिटनमध्ये शाळेच्या त्रिकोणी पाटीखाली लुकलुकणारे दोन पिवळे दिवे पुढे मुलं रस्ता ओलांडत असतील एवढंच सांगतात, वेगाचा आकडा त्यांच्याशी जोडलेला नसतो. म्हणून दिव्याकडे बघण्याआधी दिव्याशेजारचे शब्द वाचा. शब्द नसतील तर दिवा ही सूचना समजा आणि आकडा हा हुकूम.

पट्टीच नसेल, नुसता ३० असेल? मग तो चोवीस तास. रात्री अकराला सुद्धा. अनेकांना हे पटत नाही, ‘रात्री शाळा कुठे असते’ म्हणतात. पण वेळ लिहायची असती तर लिहिली असती.

मोबाइलमधल्या नकाशावर विसंबू नका, असं मी प्रत्येक शिकाऊ चालकाला सांगतो. त्यात वेगमर्यादेचा आकडा दिसतो खरा, पण ठरावीक वेळेपुरती मर्यादा त्यात अनेकदा नसते, आणि नवी लागलेली पाटी तर कित्येक दिवस नसते. स्क्रीन ५० म्हणते आणि खांब ३० म्हणतो, तर खांबाचं ऐकायचं.

काट्याबद्दलही एक गैरसमज आहे. गाडीचा वेगमापक खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त वेग दाखवू शकतो, हे खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम ३९ प्रमाणे तो कमी वेग दाखवू शकत नाही, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतका जास्त दाखवू शकतो. हे कुठेतरी ऐकून काही जण काटा ३४ वर ठेवतात आणि ‘खरा वेग ३० च असणार’ म्हणतात. तुमच्या गाडीचा काटा किती पुढे दाखवतो हे तुम्हाला माहीत नसतं. कदाचित अजिबात दाखवत नसेल. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील तर तो हिशोबही बदलतो. काटा ३० च्या खाली ठेवा, विषय संपला.

३० च का, २५ किंवा ४० का नाही, हे समजलं की पाटी पाळणं सोपं जातं, म्हणून थोडं गणित मांडतो. ३० च्या वेगात गाडी एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते. समोर काही आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण एक सेकंद धरा. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर आणखी पाच मीटर. म्हणजे सगळे मिळून तेरा-साडेतेरा मीटर, ओळीने उभ्या केलेल्या तीन मोटारींएवढे. आता तीच गाडी ५० वर आहे असं धरा. पहिल्या सेकंदातच ती जवळजवळ चौदा मीटर जाते. थोडक्यात, जिथे ३० वाली गाडी पूर्ण थांबली, तिथे ५० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाही नाही. तिथे मूल असेल तर त्याला धडक पूर्ण ५० च्या वेगाने बसते. ४० वाली गाडी त्याच जागी अजून साधारण ३५ च्या वेगात असते. दहा किलोमीटरचा फरक काट्यावर बोटभर दिसतो आणि रस्त्यावर तो असा दिसतो. ओल्या रस्त्यावर, गुळगुळीत टायरवर हे सगळे आकडे वाढतात.

वेळेचं म्हणाल तर शाळेचा तीनशे मीटरचा पट्टा ५० ऐवजी ३० ने पार करायला चौदा-पंधरा सेकंद जास्त लागतात. पुढच्या सिग्नलला तेवढे सेकंद तसेही जातात.

आणि एक गोष्ट मुलांच्या बाजूची. लहान मुलांना गाडीचा वेग कळत नाही असं आपण सहज म्हणतो, पण त्यामागे डोळ्यांचं आणि मेंदूचं कारण आहे. समोरून येणारी वस्तू मोठी मोठी होत जाते त्यावरून आपण तिचा वेग ओळखतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांमध्ये ही जाण मोठ्यांइतकी तयार झालेली नसते, आणि ताशी वीस मैल, म्हणजे ३२ किलोमीटरपेक्षा वेगात येणारी गाडी जवळ येतेय हे त्यांना खात्रीने जाणवेलच असं नाही. मूल तुमच्याकडे बघतंय, म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं असं तुम्ही धरता. त्याच्या डोळ्यांना मात्र ती गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटू शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात, पायी चालणारे आणि वाहनं जिथे सतत एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा असावी असं म्हटलं गेलं, त्यामागे हेच शरीराचं आणि अंतराचं गणित आहे.

म्हणून ३० हा वरचा टोकाचा आकडा आहे. शाळा सुटायच्या वेळी दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना मी स्वतः १५ ते २० वर असतो. डोळे कुठे ठेवायचे तेही सांगतो. उभ्या गाड्यांच्या खालच्या फटीत बघत जा. उंच व्हॅनच्या पुढून बाहेर येणाऱ्या मुलाचं डोकं दिसत नाही, पण चाकांच्या मधून बूट दिसतात. एकदा माझ्या शेजारी शिकणाऱ्या मुलीने अचानक ब्रेक दाबला, मला कारण कळेना. तिला व्हॅनखाली दोन पांढरे मोजे दिसले होते. पुढच्याच क्षणी ते मूल रस्त्यावर आलं. आम्ही तोवर थांबलेलो होतो. त्या दिवशी मी तिला आणखी काही शिकवलं नाही.

दुसरं, रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या आई-वडिलांकडे लक्ष द्या. कोणी हात हलवत असेल, हाक मारत असेल, तर ज्याला हाक मारली जातेय ते मूल तुमच्या बाजूला आहे. ते धावणार. मोठ्या माणसाचा हात वर गेला की माझा पाय ब्रेकवर जातो. एक मूल ओलांडून गेलं की लगेच निघू नका. त्याच्या मागे भावंडं किंवा मित्र असतात आणि ती रस्त्याकडे न बघता पुढच्याच्या पाठीकडे बघत धावतात.

शाळेची बस उभी असेल तर नियम आणखी कडक होतात. अमेरिकेत बसचे लाल दिवे लुकलुकत असतील आणि बाजूचा ‘थांबा’ हात बाहेर आलेला असेल, तर मागच्याने थांबायचं आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही. त्याआधी लुकलुकणारे पिवळे दिवे म्हणजे बस थांबतेय, तयारी ठेवा. पटकन पुढे काढायची वेळ ती नव्हे. जिथे असा कायदा नाही तिथेही थांबलेल्या बसच्या पुढून मूल येणार असंच धरा. मुलांना रस्ता ओलांडून देणारी व्यक्ती हातात थांबण्याची पाटी धरून उभी राहिली तर थांबायचं. ब्रिटनमध्ये हे कायद्याने बंधनकारक आहे. ती व्यक्ती बाजूला होऊन पदपथावर जाईपर्यंत क्लचशी खेळत गाडी पुढे सरकवायची नाही.

वेग वाढवायचा कुठे? शाळेचं फाटक मागे गेलं की बहुतेकांचा पाय आपोआप दाबला जातो. मर्यादा फाटकापाशी संपत नाही, ती संपल्याच्या पाटीपाशी संपते. ही पाटी बऱ्याच देशांत पांढरी गोल असते, फिकट आकड्यावर तिरक्या रेघा मारलेली. काही ठिकाणी थेट पुढचा नवा आकडा लावतात. पाटीच दिसली नाही तर काय, याची उत्तरं देशागणिक वेगळी आहेत. फ्रान्समध्ये साधी वेगमर्यादा पुढच्या चौकापर्यंत असते. जर्मनीत चौक आला म्हणून ती संपत नाही. पण परिसराची, म्हणजे ‘झोन’ची पाटी असेल, तर आतल्या सगळ्या गल्ल्यांना तोच आकडा लागू आणि बाहेर पडायची पाटी येईपर्यंत कितीही वळणं घेतली तरी तो सुटत नाही. ज्या देशात गाडी चालवणार तिथलं हे एवढं कलम तरी आधी वाचून घ्या. आणि संपल्याची पाटी दिसली तरी लांबूनच वेग वाढवत येऊ नका. येताना केलं त्याच्या उलट करायचं, खांब मागे गेला की मग पाय दाबायचा.

आता मागच्या हॉर्नचं. मागचा चालक चिडतो त्याचं एक कारण तुम्ही कमी करू शकता. पाटीपाशी अचानक ब्रेक दाबला तर त्याला दचकायला होतं. सत्तर मीटर आधी पाय उचलून, ब्रेकच्या दिव्याची एक हलकी चमक देऊन सावकाश उतरलात तर त्यालाही कळतं की पुढे काहीतरी आहे. तरीही हॉर्न वाजलाच तर आरशात एकदा बघा, तो किती जवळ आहे ते लक्षात ठेवा आणि पुढचं अंतर वाढवा, म्हणजे थांबायची वेळ आली तर हळूहळू थांबता येईल आणि तो मागून येऊन आदळणार नाही. वेग मात्र तोच ठेवा. बाजूला घेऊन त्याला पुढे जाऊ द्यायचा मोह शाळेसमोर टाळा. बाजूला सरकणं म्हणजे पदपथाकडे, मुलांच्या दिशेने सरकणं.

तुम्हाला एक सराव देतो. सुट्टीच्या दिवशी तो रस्ता पायी चालून या. त्रिकोणी पाटीपासून गोल पाटीपर्यंत पावलं मोजा, साधारण सव्वा पावलाला एक मीटर. पट्टीवरची प्रत्येक ओळ वाचा. संपल्याची पाटी कुठल्या झाडामागे किंवा खांबामागे लपलीय ते शोधा. शाळेच्या फाटकासमोर खाली बसा, आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीला, आणि तुम्ही रोज ज्या बाजूने येता तिकडे बघा. तिथे नेहमी गाडी लावलेली असेल तर तिच्या बॉनेटपलीकडचं काहीच दिसणार नाही. पाय कुठे उचलायचा ती जागा ओळखायला एखादं ठळक चिन्ह निवडा, विजेचा डबा, भिंतीचा कोपरा, काहीही. सोमवारी गाडी त्या चिन्हापाशी आली की पाय उचला आणि काटा बघत बसू नका. गोल पाटी खिडकीजवळून जाताना फक्त एकदा नजर टाका. तीसच्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी दहा पावलं आधीचं चिन्ह निवडा. तीन-चार दिवसांत जागा पक्की होते.